सुपारीच्या बैठकीत कोण बोलले

माझा धाकटा भाऊ काष्टीच्या बाजारात भेटेल त्याला सांगतो की, नातीच्या सुपारीत माझी वाचा बसली आणि त्याने वाक्य पूर्ण करून घराची अब्रू राखली. हे असत्य आहे. माझे बोलणे अडखळते, स्मरणशक्ती नव्हे.

लहानपणापासून मी अडखळत बोलतो. त्याचे कारण घरातल्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवले. आईच्या मते जीभ जड होती. म्हणून ती अक्कलकाऱ्याची मुळी मधात उगाळून जिभेला चोळी. जिभेला झिणझिण्या येत, शब्द होते तिथेच राहत. भावाच्या मते मी भित्रा. भित्र्या माणसाने बांधाच्या दाव्यात कोर्टात उभे राहून साक्ष दिली नसती. पण ते असो.

नात पुण्यात वाचा-उपचार शिकते. मागच्या हिवाळ्यात तिच्या ओळखीने, एका संशोधनासाठी, मी मेंदूचे काम टिपणाऱ्या यंत्रात पडून राहिलो. समोर दिसणारी वाक्ये आधी एकट्याने वाचायची, मग कानात येणाऱ्या आवाजाबरोबर. एकट्याने वाचताना अडखळलो. सोबतीने एकही अक्षर अडले नाही. संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूची चित्रे दाखवली. एकटा बोलताना, शब्द ओठांवर येण्याआधीच, मेंदूची उजवी बाजू जास्तीच्या कामाला लागत होती. सोबतीने बोलताना ती बरीच शांत होती.

"बघा आजोबा, जिभेचा काही संबंधच नाही," नात म्हणाली.

"मग ही उ-उजवी बाजू घोळ घालते का?"

"घोळ घालते की सांभाळून घेते, ते आम्हालाही नक्की माहीत नाही," बाई म्हणाल्या. माझ्या बोलण्याविषयी 'माहीत नाही' म्हणणारे हे पहिलेच माणूस मला भेटले.

नातीने हे सारे घरी सांगितले. भावाने त्यातले सोयीचे तेवढे उचलले.

बैठक देवळाली प्रवरेला, नवऱ्या मुलाच्या घरी होती. मुलीकडच्या वडीलधाऱ्याने उभे राहून संमती दिल्याशिवाय आमच्यात सुपारी फुटत नाही. माझ्या मुलीच्या वेळी ती भावाने दिली होती. तिच्या सासरी आजही मला कोणी काही विचारत नाही. नातीने या वेळी बजावले होते, आजोबाच बोलतील.

जीपमध्ये भाऊ म्हणाला, "दादा, तुमी बसा. तुमचं सपंस्तवर त्यांचा समदा ऊस तुटून जाईल."

"त-तुझाही तुटू दे. मीच बोलणार."

बैठकीत मी उभा राहिलो. "आमच्या घरची प-प-" इथे अडलो. लगेच भाऊ शेजारी उभा राहिला आणि त्या कानातल्या आवाजासारखा माझ्याबरोबर बोलू लागला, "पसंती हाय..." माझाही शब्द स्वच्छ निघाला; हे मी नाकारत नाही. म्हणूनच मी तोंड मिटले. तो एकटाच पुढे गेला, "सुपारी फोडा."

त्याची कथा इथे संपते. बैठक संपली नव्हती. मुलाच्या आजोबांनी अडकित्ता उघडाच धरला होता आणि ते माझ्याकडे पाहत होते.

"ख-खाली बस," मी भावाला म्हणालो. तो बसला. मग सबंध वाक्य मी पहिल्यापासून, एकट्याने बोललो. 'प'ने बराच वेळ घेतला. मंडळी चहाचे कप हातात धरून थांबली. माझे संपल्यावर सुपारी फुटली.

"बरं, पाव्हणं," मुलाच्या आजोबांनी विचारले, "लगीन तुमच्या दारात का आमच्या?"

भावाने उत्तर द्यायला तोंड उघडले.

"तुमाला न्हाई, त्यान्ला इचारलंय."

मी सांगायला सुरुवात केली.