फॉर्ममध्ये न बसलेलं सासूचं बी

मंडळी, दुपारपासून मन लागत नाहीये, म्हणून तुम्हाला विचारते.

भांडुपच्या आमच्या ऑफिसातून मी शेतकऱ्यांना फोन करते. आमच्या संस्थेनं वाटलेलं सुधारित भातबियाणं त्यांनी सगळ्या शेतात लावलं का, ते फॉर्मवर भरायचं, ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ भरलं की पुढच्या वर्षीच्या यादीतून नाव कमी.

आज मोखाड्याच्या कुसुमताई म्हणाल्या, “खालच्या खाचरात तुमचं लावलं. वरच्या उतारावर माझ्या सासूचं बी. तिथं पाणी थांबत नाही, तुमचं तग धरायचं नाही.”

“मग मी ‘हो’ लिहू की ‘नाही’?” मी विचारलं. त्या हसल्या, “काय गं, परीक्षेला बसलीस का? तुला बोलणी बसणार नाहीत असं लिही.”

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “‘हो’ टाक ना यार, नाव तरी राहील त्यांचं.”

मी ‘हो’ टाकलं.

शाळेआधी बाबांनी मला घरीच लिहायला शिकवलं. ते सांगायचे, मी लिहायचे. एक शब्द गाळला तरी पाटी पुसायला लावायचे. आज मी अर्धं शेत गाळलं. उद्या कुणी उतारावर टिकणारं बी शोधायला निघालं, तर ते कुसुमताईंकडे आहे हे आमच्या कागदावर सापडणार नाही.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, “सासूचं बी लिहिलंस ना?” मी तेव्हाही ‘हो’च म्हणाले.

उद्या साहेबांना खरं सांगायचं मनात आहे. पण यादीतून नाव गेलं तर ते कुसुमताईंचं जाईल, माझं नाही. तुम्ही काय केलं असतं?