तलावावरून गेलेली पांढरी बोट

नागपुरातल्या माझ्या नोकरीत बोट चोरीला गेल्याची फिर्याद एकदाच आली, आणि ती मी अजून विसरलेलो नाही. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एका तलावाकाठच्या क्लबचे सेक्रेटरी ठाण्यात आले आणि म्हणाले, "आमची शिडाची बोट गेली."

ठाणे अंमलदाराने लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. सायकली जात, कोंबड्या जात, एकदा लग्नाच्या मांडवातून अख्खा बँडचा ढोल गेला होता. पण बोट? नागपुरात ती चोरून कुणी नेणार कुठे?

मी घटनास्थळी गेलो. गेलेली बोट फायबरची, पांढरी, चौदा फुटांची. दोन्ही बाजूंना बसायला बाक, मध्ये एक काढता येणारी डोलकाठी. सेक्रेटरी मोठ्या कौतुकाने सांगत होते, "ती उलटली तरी बुडत नाही, साहेब. बाकांच्या आत थर्माकोल भरलेला आहे. म्हणून नवशिक्यांना तीच देतो. येत्या रविवारी सभासदांच्या बायकामुलांना पहिल्यांदाच फिरवायचं ठरलंय. माझी नातही बसणार आहे."

चौकीदाराचा जबाब घेतला तेव्हा हसू आवरेना. मंगळवारी भर दुपारी एक माणूस बैलबंडी घेऊन आला, 'दुरुस्तीले न्यायची हाय' म्हणाला. चौकीदाराने फाटक उघडलं. माळी आणि आणखी चौघांनी उचलून बोट बंडीवर चढवून दिली. रजिस्टरमध्ये नोंदही केली. भिंतीवरून उडी मारणाऱ्याला शंभर जण अडवतात; हातात दोर घेऊन घाईत असलेल्या माणसाला लोक मदत करतात.

पण एक गोष्ट मला खटकली. डोलकाठी, शीड, सुकाणू, सगळं शेडमध्ये जागच्या जागी होतं. बोट विकायची किंवा चालवायची असेल तर ते सोडून कोण जाईल?

दोन दिवस हवालदार बंडीवाल्यांच्या मागे फिरला. हाती काही लागलं नाही. शुक्रवारी सकाळी सक्करदऱ्याकडची एक बाई ठाण्यात आली. तिची तक्रार वेगळीच होती.

"साहेब, आमच्या शेजारच्या आंगनातून असा कडक वास येऊन राहिला का डोये चुरचुरते. लेकराइले खोकला लागला. त्याले म्हटलं तं आयकत नाही. दिवसभर त्या पांढऱ्या डोंग्यात बसून काहीतरी घासून राहते."

हवालदार उठून उभाच राहिला. मी विचारलं, "डोंगा केवढा आहे, बाई?"

"आंगन भरलं न त्यानं! त्याची बायको मोरीवर जाते तं वरून टांग टाकून जाते."

तासाभरात आम्ही तिथे होतो. ताडपत्रीखाली बोट होती. तिचा एका बाजूचा बाक करवतीने नीट कापून उघडलेला. बाजूला थर्माकोलचे ठोकळे, प्रत्येक प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेला. आणि त्यांच्यामध्ये चाळिशीचा, बारीक अंगाचा एक माणूस. हातांना फायबरचे कण चिकटलेले. आम्हाला पाहून तो पळाला नाही. करवत खाली ठेवली आणि म्हणाला, "चोरी म्याच केली जी. लिवून घ्या."

तो पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यातला कारागीर होता. ही बोट त्याच कारखान्यात त्याच्याच हातांनी बनली होती. पंचनामा केला, बोट जागेवरच ताब्यात घेऊन शिपाई बसवला आणि त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

कबुली इतक्या सहज मिळाली की मी अस्वस्थ झालो. का नेली, म्हणून विचारलं की तो हातावरचे फायबरचे कण खरवडत बसे. कुणाला विकणार होतास, म्हणूनही विचारलं. दरडावून पाहिलं, चहा देऊन पाहिला. दुपारपर्यंत त्याने तोंड उघडलं ते फक्त एका प्रश्नासाठी.

"साहेब, बोट क्लबले परत देली काय?"

थोड्या वेळाने पुन्हा तेच. ठाण्यात आणलेली माणसं जामिनाचं विचारतात, घरच्यांचं विचारतात. मुद्देमालाची काळजी करणारा आरोपी मी पाहिला नव्हता.

मी मुद्दामच म्हटलं, "उद्या देतो. रविवारी त्यांच्या बायकामुलांना फिरवायचं आहे."

तो ताडकन उठला. "नका देऊ जी! ऐतवार निंघून जाऊ द्या. सोमवारी मी सोताच नेऊन ठेवतो."

"काहून?" मी त्याच्याच बोलीत कारण विचारलं.

 तो म्हणाला, "माह्या घरून रेझिनचा डबा आनि थर्माकोलचा एक तुकडा मागवा. आनि एक वाटी."

शिपाई जाऊन घेऊन आला. कारागिराने चहाच्या कपात बुडवायच्या बिस्किटाएवढा पांढरा तुकडा मोडला, स्टीलच्या वाटीत ठेवला आणि वरून फायबर जोडायला वापरतात ते मधासारखं घट्ट रेझिन ओतलं. आम्ही सगळे टेबलाभोवती वाकलो. तुकड्याच्या कडा आत जाऊ लागल्या. तो खचला, चेपला, आणि बघता बघता वाटीच्या तळाशी नुसता चिकट थर उरला.

"बाक बंद करतानी म्या थर्माकोलवर हेच ओतलं, साहेब. तवा ठाऊक नव्हतं. मागल्या महिन्यात बर्फाची पेटी करून राहिलो होतो, तवा डोळ्यासमोर असंच झालं. त्या रात्रीपासून झोप नाही मले. त्या बाकात काही नाही जी. फटीतून पानी शिरलं आनि बोट उलटली का दगडावानी खाली जाईन."

"मग हे सांगायचं ना!"

"सांगतलं. मालकाले सांगतलं, ते म्हणाले तोंड बंद ठेव. क्लबच्या बाबूले सांगतलं, तो हासला. सेक्रेटरी साहेबाच्या बंगल्यावरबी गेलो." तो खाली बसला. "तिघाइले सांगतलं. कोनी आयकलं नाही. बोट नेली तं तुम्ही विचाराले आले."

शनिवारी त्याच्याच अंगणात पंचांसमक्ष आणि सेक्रेटरींसमोर दुसरा, न उघडलेला बाक मी त्याच्याकडूनच कापून घेतला. आत नारळाएवढा पिवळट, आक्रसलेला गोळा तळाला चिकटलेला होता. बाकी सगळी पोकळी, आणि त्यात गढूळ पाणी. कुठल्या तरी बारीक फटीतून ते आधीच शिरू लागलं होतं.

सेक्रेटरी शेजारच्या खाटेवर बसले. मग म्हणाले, "हा आला होता माझ्याकडे. मी पेपर वाचत होतो. तुझ्या मालकाशी बोल, म्हटलं मी."

त्यांनी तसा जबाब दिला. अप्रामाणिक हेतू दिसून येत नाही असा अहवाल मी लिहिला आणि प्रकरण गैरसमजाचं म्हणून 'क' समरीत निघालं, म्हणजे खटला न भरताच बंद झालं. कारागिराची नोकरी मात्र गेली. ती मला वाचवता आली नाही. दोन्ही बाक त्याने अंगणातच पुरे केले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले ठोकळे घालून. पुढे क्लबने त्यालाच देखभालीला ठेवलं.

पंधरा दिवसांनी बोट पाण्यात उतरली तेव्हा मला बोलावणं होतं. कारागिराने आधी कुणालाही बसू दिलं नाही. चार दणकट सभासदांना गळ्याइतक्या पाण्यात उभं करून बोट उलटी करायला लावली, पाण्याने भरू दिली, कडांना लोंबकळायला सांगितलं. बोट काठापर्यंत बुडाली आणि तिथेच थांबली. त्याने दोनदा पुन्हा तेच करवून घेतलं. मग बोट सरळ करून, पाणी उपसून सेक्रेटरींच्या नातीला हात धरून आत बसवलं.

त्या प्रकरणात 'कोणी नेली' हे मला तीन दिवसांत कळलं. पण तो त्यातला सोपा भाग होता. त्याने चोरी केली असं कागद म्हणत होता, तोही म्हणत होता, आणि मी तिथेच थांबलो असतो तर बोट वेळेवर परत देऊन शाबासकी घेतली असती.

पुढे निवृत्तीपर्यंत मी एक सवय ठेवली. गुन्हा कबूल झाला, सह्या झाल्या, की कागद बाजूला सारून समोरच्याला विचारायचो, "हे करण्याआधी तू कोणाकोणाला सांगितलं होतंस?" पुष्कळांनी कुणालाच सांगितलेलं नसे. पण ज्यांनी सांगितलेलं असे, ते बोटं मोजत नावं सांगत. त्या नावांत एकदोनदा माझ्याच ठाण्याचं नाव निघालं.