तिच्यासाठी आणलेलं ताट

मला परदेशात शिकायला जायचं होतं. बाबांनी माझा अर्ज वाचला, घडी घालून परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बडोद्यात काय कमी आहे?" त्यानंतर दोनच महिन्यांनी एक मुलगी मॉरिशसहून समुद्र ओलांडून बडोद्यात बी.ए. करायला आली आणि थेट आमच्या घरात राहिली. मी जिथून पळ काढायला बघत होते, तिथेच ही एवढ्या लांबून हौसेने आली. याचा राग मला पहिल्या दिवसापासून होता.

वसतिगृहात जागा नव्हती. विद्यापीठातल्या ओळखीच्या कारकुनांनी बाबांना गळ घातली की मुलगी मराठी आहे, पाच पिढ्यांमागे तिचे लोक कोकणातून तिकडच्या उसाच्या मळ्यांवर गेले, तेव्हा मराठी घर मिळालं तर बरं. आई एकदम तयार झाली. आजोबा संस्थानाच्या कचेरीत होते, हे ती अजून भाजीवालीलाही सांगायची, आणि गुजरात वेगळं झाल्यापासून आपलं मराठीपण कुणीतरी येऊन बघावं अशी तिची फार इच्छा होती. माझ्या खोलीत दुसरी खाट पडली. तिचं नाव माझ्याच वर्गात लागलं.

ती उंच, सावळी, हसरी होती आणि तिचं मराठी पुस्तकातून उचललेलं होतं. "काकू, मी आपणांस मदत करू का?" असं ती म्हणाली की आई तोंडाला पदर लावायची आणि मी सरळ खिदळायचे. आमचं स्वतःचं मराठी "चाल ने", "हो ने" करत अर्धं गुजराती झालेलं, ते आम्हाला कुठे ऐकू येत होतं! आम्ही हसलो की तीही हसायची. या घरात असंच हसतात, असा तिचा समज झाला होता.

गणपतीत मात्र तिने माझी जिरवली. तिला सगळ्या आरत्या शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ होत्या. मी दुसऱ्या कडव्यानंतर टाळ्यांच्या आवाजात नुसते ओठ हलवणारी. पाहुण्यांतल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "परदेशातली पोर बघा, आणि आपल्या पोरी बघा!" आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरले नाही.

त्याच आठवड्यात तिने मला विश्वासाने एक कागद दाखवला. जुन्या जहाजाच्या नोंदवहीची नक्कल होती. तिच्या खापरपणजोबांचं वय, उंची, कपाळावरची जखमेची खूण, गाव, जात, सगळं इंग्रजीत. जातीच्या शब्दावर बोट ठेवून तिने विचारलं, "ह्याचा अर्थ काय? आमच्याकडे कुणालाच ठाऊक नाही."

मला ठाऊक होता. त्या जातीची बाई आमचं अंगण झाडायला यायची आणि तिचा कप मागच्या दाराबाहेर पालथा ठेवलेला असायचा. "शेती करणारे असतील," मी म्हटलं. ती ग्रंथालयात गेल्याबरोबर मी जाऊन आईच्या कानावर घातलं. आज लाज वाटते असं म्हणणं सोपं आहे. तेव्हा मजा वाटत होती, हे आधी सांगायला हवं.

आईने आरडाओरडा केला नाही. "आता घालवली तर विद्यापीठात बोभाटा होईल ने," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती लहरीपुऱ्याच्या बाजारात गेली आणि एक नवं स्टीलचं ताट, वाटी आणि पेला घेऊन आली. "हे तुझं हं, बेटा. आता आपल्या खोलीतच जेवत जा, अभ्यासाला निवांत पडेल." माझी खाट बाहेरच्या खोलीत हलली. बाबांना सगळं कळलं होतं. त्यांनी वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरलं.

नवं ताट बघून त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी तिने घरी पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. काकूंनी माझ्यासाठी नवीन ताट आणले, स्वतंत्र खोली दिली, मी आता या घराची मुलगी आहे. मला इतकं हसू फुटलं की पाणी प्यायच्या निमित्ताने मी उठून गेले.

तीन वर्षं हे असंच चाललं. ती आपलं ताट आपण घासायची आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवायची. आई शेजारच्या बेनला सांगायची की पोरगी शिस्तीची आहे. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की आई आतूनच म्हणायची, "राहू दे गं, तू अभ्यास कर." त्यामुळे तिचा अभ्यास खरोखरच झाला. तिला एकच ध्यास होता, माझ्या आईला आई म्हणायचं. चालेल का, असं तिने मला किती वेळा विचारलं. मी दर वेळी म्हणायचे, अजून थांब.

दुसऱ्या वर्षी आईला टायफॉइड झाला. त्या मुलीने आपल्या खोलीतल्या छोट्या स्टोव्हवर मुगाची मऊ खिचडी केली आणि आईच्या उशाशी आणली. आई म्हणाली, "ठेव." ती गेल्यावर आईने मला खूण केली आणि मी खिचडी मोरीत ओतली. नंतर तिने विचारलं, "कशी झाली होती?" आई म्हणाली, "छान." मग तिने ती आठ दिवस रोज केली आणि मी आठ दिवस रोज ओतली.

शेवटचा निकाल लागला. तिला पहिला वर्ग मिळाला, मला तिसरा. बाबांनी पेढे आणले आणि पहिला पेढा तिच्या तळहातावर वरून सोडला. ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. "आज मी त्यांना आई म्हणणार आहे. आता तरी चालेल ना?"

माझं डोकं फिरलं. मी तिला उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कागदावरच्या शब्दाचा अर्थ, ताट कशासाठी आलं ते, खोली, खिचडी. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

ती खाटेवर बसली. म्हणाली, "खिचडी मी मोरीत पाहिली होती. मला वाटले, मीठ जास्त झाले. म्हणून मी रोज थोडे कमी घालत होते."

तिने रडावं, मला चार शब्द सुनवावेत, असं मला फार वाटत होतं. तिने एवढंच विचारलं, "काकूंना हे कुणी सांगितले?" मी म्हटलं, "मी." ती उठली आणि बॅग भरायला लागली.

चार दिवसांनी रिक्षा दारात आली. आईने निघणाऱ्याच्या हातावर घालायचं म्हणून दही आणलं आणि चमचा वीतभर उंच धरला. तिने हात पुढे केला नाही. आईकडे बघत उभी राहिली. मग "येते" न म्हणता "जाते, काकू," म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

चमच्यातलं दही फरशीवर पडलं. "काय झालं गं हिला?" आई म्हणाली. "तीन वर्षं पोटच्या पोरीसारखं ठेवलं ने!"

"काही नाही," मी म्हटलं.

आत जाता जाता आई म्हणाली, "शेवटी जातीवर गेली."

मी फडकं आणून फरशी पुसली आणि म्हटलं, "हो ने."