‘सिट डाऊन’ कोण म्हणणार?

लंडनजवळच्या क्रॉयडनला आल्यावर मी दीड वर्ष घरात बसून होते. पुण्यात शाळेत इंग्रजी शिकवायचे मी, आणि इथे भेटेल तो एकच विचारायचा, "मिस्टर काय करतात?" अरे, मिस्टर बँकेत काम करतात, पण मीही काहीतरी करते की नाही! म्हणून परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायच्या एका समर कोर्सची नोकरी लागली तेव्हा मी ट्रॅमच्या स्टॉपवर चक्क एक उडी मारली. भाड्याने घेतलेली शाळा, इटलीहून आलेली नऊ-दहा वर्षांची बारा पोरं आणि तीन आठवडे. ऑगस्टमधल्या पुढच्या कोर्सला मला ठेवायचं की नाही, हे इन्स्पेक्शनवर ठरणार होतं.

"मुलं आपणहून इंग्लिश बोलताना दिसली पाहिजेत," आमच्या मॅनेजरनं बजावलं. हा हाफपँटमध्ये हिंडणारा कोवळा मुलगा. "पाठ केलेलं अजिबात नको."

आपणहून म्हणे! ती कार्टी आपणहून फक्त भांडायची, तेही इटालियनमध्ये. चित्रं दाखवा, बिस्किटं दाखवा, इंग्रजीत हूं की चूं नाही. शेवटी वैतागून मी आपल्या शाळेतलं हुकमी अस्त्र बाहेर काढलं. वर्गात मोठं माणूस आलं की ताडकन उभं राहायचं, सुरात "गुऽऽड मॉर्निंग, सर" म्हणायचं आणि आलेला माणूस स्वतः "सिट डाऊन" म्हणेपर्यंत बसायचं नाही. पोरांना हे भलतंच आवडलं. फोटोकॉपीचं मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस चुकून आमच्या वर्गात डोकावला, तर त्यालाही सलामी मिळाली. बिचारा आल्या पावली पळाला.

मॅनेजरनं कपाळावर हात मारला. "प्लीज, इन्स्पेक्टरसमोर हे नको." मी म्हटलं, छे, काळजीच नको.

इन्स्पेक्टर आला. पांढऱ्या मिशांचा, अबोल गृहस्थ. बारा पोरं ताडकन उभी. "गुऽऽड मॉर्निंग, सर!" त्यानं मान हलवली, मागच्या खुर्चीत जाऊन बसला आणि पेन उघडून वाट बघत राहिला. तोंडातून शब्द नाही. पोरं उभीच.

"सिट डाऊन," मी म्हटलं.

कोणी बसेना. पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीनं इन्स्पेक्टरकडे बोट दाखवत मलाच समजावलं, "नो, टीचर. नॉट यू. ही!"

दाराच्या काचेपलीकडून मॅनेजर हातवारे करत होता, बसवा, बसवा! अरे बाबा, बसतायत कुठे! मी मुकाट्यानं उभ्या वर्गाला हवामान शिकवायला लागले. गेला ऑगस्ट, आता बसा घरी भेंडी चिरत, असं मनात म्हणत होते.

तेवढ्यात वर्गात आवाज चढायला लागले. पाहुण्याच्या कानावर पडावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत.

"ही फरगेट!"

"नो, ही इज शाय."

"यू गो, आस्क."

"व्हाय मी? ऑल्वेज मी! यू गो!"

"माय लेग्ज आर डेड!"

भांडत होती कार्टी! ना पाठांतर, ना सूर, आणि एकही शब्द इटालियन नाही. शेवटी वेणीवाली तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सर, यू मस्ट से सिट डाऊन. इट इज द लॉ."

इन्स्पेक्टर का कोण जाणे, आधी स्वतः उठून उभा राहिला. "सिट डाऊन," म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर बसला.

"थँक्यूऽऽ, सर!"

नंतर कॉरिडॉरमध्ये तो मॅनेजरला म्हणाला, या उन्हाळ्यात पुष्कळ वर्ग बघितले, पण इंग्रजीत भांडणारी मुलं आज पहिल्यांदाच ऐकली. मग माझ्याकडे वळून विचारलं, ही कुठली पद्धत?

"इंडियन," मी म्हटलं. "व्हेरी ओल्ड."

"व्हेरी ओल्ड," मॅनेजरनंही मान डोलावली, जणू ती त्याच्याच आजोबांनी काढली होती. ऑगस्टचं काम मला तिथल्या तिथे मिळालं.

मी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "नंतर करू?" तो कुजबुजला.

"नंतर कसलं रे! मी परत मास्तरीण झाले!" मी इतकी ओरडले की पुढे मला रडूच फुटलं. माझा आवाज त्या मीटिंगभर ऐकू गेला असणार. मग नवरा तिथल्या साहेबलोकांना सांगताना ऐकू आला, "सॉरी. माय वाइफ इज अ टीचर."