मेहुण्याचा झाडूवाला

कचरा करणारे आणि कचरा काढणारे अशी माणसांची विभागणी सगळेच करतात. माझा मेहुणा मात्र कचऱ्याची उलटतपासणी घेणाऱ्यांतला, आणि त्या जातीचा सातारा-सांगलीत तो एकटाच असावा. साताऱ्याला आमच्याकडं आला, की कालचा पेपर रद्दीत जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारतो, "वाचून झाला न्हवं?" मग शेजारच्या निवृत्त सुभेदारांनाही विचारून येतो. माझ्या बायकोनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, माझा रिकामा कप उचलला तर तिला अडवतो. "ताई, थांब. दाजींची नजर हाय अजून त्येच्यावर." नजर असतेच, कारण दुसऱ्या चहाची आशा मी सहसा सोडत नाही.

पुण्याची नोकरी सोडून तो पलूसला आला आणि द्राक्षबागायतदारांना रोगाचा इशारा मोबाइलवर देणारा प्रोग्रॅम लिहू लागला, तोही स्कीम नावाच्या भाषेत. ही भाषा मोठी खानदानी. संगणकाच्या मेमरीतली वापरून झालेली जागा झाडून घ्यायला तिच्या पदरी झाडूवाला असतो. पण बागेतल्या हवामानयंत्राबरोबर आलेला प्रोग्रॅमचा भाग सी भाषेतला. त्यानं अडवलेली जागा परक्याची, म्हणून झाडूवाला तिकडं ढुंकूनही बघत नाही; ती आपल्या हातानं सोडावी लागते. मेहुणा आधी सोडायलाच विसरला. जागा तुंबली आणि प्रोग्रॅम दर आठवड्याला धाप लागून बसू लागला. मग त्यानं इतक्या तत्परतेनं सोडली, की आकडा वाचून व्हायच्या आत तिथं भलतंच काही येऊन बसलं, आणि भर ऑक्टोबरात पलूसच्या बागायतदारांना संदेश गेला: तापमान उणे चाळीस.

"येलींना कानटोप्या घालायच्या का रं?" असं गावानं विचारलं. ते त्यानं हसण्यावारी नेलं. पण त्याचे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आबा, यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी पोराचे संदेश वाचणंच बंद केलं. यंत्र घरच्याच बागेत, आणि फवारणी आबांच्या अंदाजानं. एकदा तरी आबांनी पोराच्या शब्दावर फवारा सोडावा, एवढंच त्याला हवं होतं. तो बोलत नसे, पण मला कळायचं आणि वाईट वाटायचं.

उपाय सापडला त्याच्या चुलतभावाच्या लग्नात. मंडपवाल्याची माणसं भाड्याच्या खुर्च्या गोळा करत होती आणि एक म्हातारी आत्या अर्धा लाडू हातात घेऊन बसली होती. तिचीच खुर्ची ओढायला ती माणसं निघाली तसा हा आडवा आला. "आत्या उठल्याबिगर खुर्चीला हात लावायचा न्हाई!" एवढं म्हणून तो माझ्याकडं वळला. "दाजी, आपल्या झाडूवाल्यालाच सांगून ठिवायचं. आकडा धरून बसल्याला शेवटचा गडी उठला, की मंडपवाल्याला हाक मार, म्हणावं." म्हणजे मेमरीतला आकडा वापरणारं कुणी उरलं नाही, की झाडूवाल्यानं कळवायचं आणि मगच सी भाषेतली ती जागा सोडायची. एवढं सांगून तो न जेवता घरी गेला.

त्यानंतर प्रोग्रॅम बसला नाही आणि पलूसला थंडीही बेताचीच पडू लागली. आबा तेवढे बधले नाहीत. हात कपाळाला लावून आभाळ न्याहाळल्याशिवाय उभ्या जन्मात त्यांनी फवारा सोडला नव्हता.

गेल्या हंगामात एका सकाळी आभाळ लख्ख होतं, म्हणजे आबांच्या हिशेबानं फवाऱ्याचं काही कारण नव्हतं, आणि मेहुण्याचा संदेश सांगत होता, द्राक्षावर दावण्या रोग येतोय, आजच फवारा. थोड्या वेळानं त्याचा मला फोन आला. आधी ट्रॅक्टरचाच आवाज आला. "काय झालं रं?" मी घाबरून विचारलं.

"आबांनी चष्मा लावून मोबाइल वाचला, दाजी. ट्रॅक्टरला पंप जोडला." त्यानं फोन ट्रॅक्टरकडं धरला आणि मग परत कानाला लावला. "आज वर बघितलंच न्हाई त्यांनी."