सावली आधी

पेंटरचाचा आधी सावली काढायचा, मग जनावर. एरवी घाटंजीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस थंडी पडली की आमच्या शेताच्या धुऱ्यावर लाकडी चौकटीवर चित्रासाठी तरट ताणून बसायचा आणि जवसाच्या तेलात रंग कालवायचा. मी चौथी शिकलो, चित्रातलं मला कळत नाही. पण जमिनीवरची ती निळी, धनी नसलेली सावली पाहून मी मागं वळून कोण उभं आहे ते बघायचो.

थंडीत तेल लवकर वाळत नाही. चाचा म्हणायचा, "ओलं आहे तवर आपल्या हातात आहे, बाबू. वाळलं की गेलं."

लोकांनी या बोलण्याची धास्ती घेतली. एका साली त्यानं धुक्यातला आमचा पांढरा बैल काढला. रंग वाळायच्या आत बैल बसला तो उठलाच नाही. पुढच्या साली शेकोटीजवळचा, रात्री पीक राखणारा म्हातारा जागल्या काढला. पौषात जागल्या गेला. बाया चाचाला पाहून वाट बदलू लागल्या. मी तोंडावर विचारलं, "चाचा, माणसं मारता काय तुमी?"

तो हसला नाही. "मी कायले मारू? जे थकलेलं दिसते ते काढतो."

साठ सालाच्या आसपास माझी बायको गंगा सातव्या महिन्यात होती, तरी कापूस वेचायची. एक दिवस चित्रात पाहतो तर डोक्यावर गाठोडं, मान डावीकडे कललेली, लुगड्याचा लाल काठ. तीच.

"पुसा तिले," मी म्हणालो. हातात विळा होता, खोटं कशाला बोलू.

"एवढी मस्त जमली रे."

"पुसा म्हणतो ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग विळ्याकडे. "जा, विहिरीवरून पाणी आण."

पाणी घेऊन आलो तर तिच्या जागी पांढऱ्या पायजम्यात, काठी टेकून, चाचा स्वतः उभा. सावली तेवढी गाठोड्याची राहिली होती. मी ती पाहिली.

माघात चाचाला ताप आला आणि चार दिवसांत आटोपला. ते चित्र कोणी घरात घेईना, मी घेतलं. गंगा सुखरूप बाळंत झाली. तरी दर हिवाळ्यात ती सावली पाहून मी तिला शेतात जाऊ देत नसे. तिनं नातवंडं पाहिली. गेल्या दिवाळीनंतर गेली.

चित्र भिंतीवरच आहे. जुना रंग पातळ होतो म्हणतात. पायजम्यातून आता लाल काठ दिसतो, वर गाठोडंही. चाचानं तिला पुसलंच नव्हतं. एवढी वर्षं तो तिच्यापुढं उभा होता.