चाकं बघणाऱ्या मावशी

दोन गाड्या एकमेकींना घासल्या की सगळे आधी चरा बघतात. आमच्या पार्किंगवाल्या मावशी आधी चाकं बघायच्या. कमरेवर हात ठेवून वाकायच्या, कुठल्या गाडीची चाकं कुठे वळली आहेत ते पाहायच्या आणि निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या. "हे जागेवरून निघत होते, ते सरळ येत होते. निघणाऱ्यानं थांबाचं."

बुधवार पेठेत माझं इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटवर वीस-पंचवीस गाड्या लागत. मावशी मूळच्या यवतमाळकडच्या. स्वतः कधी सायकलही चालवली नव्हती. पण त्यांच्यासमोर भले भले गाडी निमूट मागे घेत. एकदा एका गृहस्थांनी उभ्या गाडीला धडक देऊन वर तीच वाकडी लावली होती म्हणून वाद घातला.

"अहो बाई, तुम्ही काय न्यायाधीश आहात का?"

"नाही. ते येतील तवा येतील. तवर उभ्या गाडीपासून तुमची गाडी बाजूले घ्या."

दुपारचा चहा मावशी माझ्या दुकानातच घेत. त्यामुळे त्या आपलं माणूस आहेत, असं मी धरून चाललो होतो.

एके दुपारी मी घाईत होतो. फोन कानाला लावून गाडी मागे घेतली आणि धाडकन आवाज झाला. मागून जाणारी एक कॉलेजची मुलगी स्कूटरसकट आडवी झाली होती. कोपर सोललं होतं. माणसं जमली. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस ओरडतो तसा ओरडलो, "केवढ्या वेगात आलीस! समोर बघून चालवता येत नाही?" मुलगी रडकुंडीला आली. मी मोठ्या विश्वासाने मावशींकडे पाहिलं.

मावशींनी आधी तिला उठवून बसवलं, पाणी दिलं. मग सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरगी हळूच येत होती, भाऊ. तुम्ही मागं पाहिलंच नाही. फोनवर बोलत होते."

"मावशी, तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय?"

"बाजू कशाची? मी इथंच उभी होती ना."

मुलीला डॉक्टरांकडे नेलं, स्कूटर दुरुस्त करून दिली. पण राग होता तो मावशींवर. तीन आठवडे मी मंडईजवळ गाडी लावून चालत दुकानात आलो. त्या चालण्यात रोज तोच प्रसंग मनात यायचा आणि रोज माझी बाजू थोडी लंगडी पडायची. चौथ्या सोमवारी गाडी पुन्हा प्लॉटवर आणली.

"मावशी, त्या दिवशी चूक माझीच होती."

"ते मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "तुमाले कवा कळते, तेच पाहाचं होतं."

त्या दुपारी त्या पुन्हा चहाला आल्या.

यंदा प्लॉटवर इमारतीचं काम सुरू होणार म्हणून पार्किंग बंद व्हायचं ठरलं. मावशी लेकीकडे यवतमाळला जायला निघाल्या. शेवटच्या दिवशी मी गाडी बाहेर काढत होतो, तेव्हा त्या रस्त्यावर उभ्या राहून येणाऱ्या रिक्षांना हात दाखवून थांबवत होत्या. मी काच खाली केली. त्या खिडकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आता ठोकलीत तर सांगाले मी नसणार, भाऊ. तुमचं तुम्हीच खरं सांगा."